हप्ता तुमचा, मग गाडी कोणाच्या नावावर?



शेळी, शिलाई मशीन, किराणा दुकान यांच्या जोडीला समूहाच्या कर्जमागणीत आता ‘जुनी चारचाकी’ हे कारणही येऊ लागलंय. त्यात चूक काही नाही. मुरबाड-शहापूरकडून भाजीच्या पाट्या कल्याणच्या बाजारात न्यायच्या, रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं, लग्नाकार्याला सगळ्यांनी एकत्र जायचं, तर दारात गाडी असलेली बरी. नवी परवडत नाही, म्हणून जुनी.

पण बहुतेक घरांत होतं काय? कर्ज उचलते ताई, बैठकीत सही करते ताई, दर महिन्याला हप्ता भरते ताई. गाडी बघायला मात्र दीर, भाचा आणि त्यांचा ओळखीचा एजंट जातात. गाडी दारात आली की नारळ फुटतो, हार घातला जातो. ‘कागदाचं काय?’ असं विचारलं की उत्तर मिळतं, ‘होईल गं सावकाश, सह्या घेतल्यात.’

हा लेख त्या ‘सावकाश’बद्दल आहे. ताई, गाडी चालवता येत नसली तरी ती नीट विकत घेता येते. त्यासाठी लायसन्स लागत नाही. विचारायची सवय मात्र लागते.

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण आधी सातबारा बघतो. मालक कोण, बोजा आहे का, फेरफार झाला का. गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राकडे, म्हणजे आरसीकडे, अगदी तसंच बघायचं. कल्याण आरटीओच्या गाडीचा नंबर एमएच ०५ ने सुरू होतो, ठाण्याचा एमएच ०४ ने. ‘परिवहन’ संकेतस्थळावर किंवा ‘एम-परिवहन’ ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, इंधन ही माहिती दिसते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, पाच मिनिटांत काढून देईल. मग मूळ आरसी हातात घेऊन एवढं तपासा:

१. मालक. विकणारा माणूस आणि आरसीवरचं नाव एकच आहे का? नसेल तर खरा मालक समोर आल्याशिवाय इसारही देऊ नका. मालक वारला असेल, तर वारसाने आधी गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची, मग विकायची.

२. बोजा. बँकेचं किंवा फायनान्सचं नाव आरसीवर असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ हवा. तो नसेल तर उद्या हप्ता थकला म्हणून फायनान्सवाले गाडी तुमच्या दारातून उचलून नेतील.

३. वय. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि हरित करही भरावा लागतो. १४ वर्षांची गाडी स्वस्तात मिळत असेल, तर हा खर्च वर्षभरात तुमच्याच अंगावर येणार आहे.

४. चासी आणि इंजिन नंबर. गाडीवर कोरलेले नंबर आणि आरसीवरचे नंबर अंकन् अंक जुळले पाहिजेत. खाडाखोड दिसली तर तिथूनच परत फिरा.

५. दंड. वाहतूक पोलिसांचे ई-चलान थकलेले असतील, तर ते विकणाऱ्याने भरायचे. पैसे देण्याआधी भरून घ्या.

६. परराज्य. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. पण परराज्यातली गाडी आपल्या नावावर करायची तर तिथलं ना-हरकत पत्र लागतं आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. स्वस्त गाडी मग महागात पडते.

पुराची गाडी ओळखा

आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. २६ जुलै २००५ चा पूर आपल्यापैकी अनेकींनी बघितलाय. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला, तेव्हा बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. उल्हास आणि वालधुनीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं की उभ्या गाड्याही बुडतात. त्या धुऊन-पुसून, रंग मारून पुढे विकल्या जाऊ शकतात. वरून चकाचक दिसणाऱ्या अशा गाडीच्या वायरिंगला आतून गंज लागलेला असतो आणि ती वर्षभर काही ना काही दुखणं काढत राहते.

ओळखायचं कसं? काचा बंद करून दोन मिनिटं आत बसा. ओलसर, कुबट वास येतो का, की वास झाकायला अत्तर मारलंय? सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाचा डाग असतो. पायाखालचं कार्पेट उचला आणि सीटच्या रुळांखाली हात घालून बघा, गाळ किंवा गंज लागतो का. डिकीतलं स्टेपनी टायर काढून त्याची खोबण बघा. हेडलाइटच्या आत पाण्याची वाफ दिसते का? यातल्या दोन खुणा जुळल्या तर किंमत कितीही पाडली तरी ती गाडी नको.

गाडी सकाळी बघा, थंड असताना बघा

संध्याकाळी दिव्याच्या उजेडात साडी घेतली तर रंग फसतो, तसंच गाडीचं आहे. लख्ख उन्हात बघा. पाऊस पडत असताना नको, ओल्या पत्र्यावर ठोकल्याच्या खुणा दिसत नाहीत. विकणाऱ्याला आधीच सांगा, ‘आम्ही येईपर्यंत चालू करू नका.’ बोनेटला हात लावा. गरम लागलं तर समजा, थंड इंजिनाची तक्रार झाकायला त्याने आधीच चालू करून ठेवलंय.

चालू केल्यावर मागे सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर इंजिनात कूलंटचं पाणी शिरत असू शकतं. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. गाडी थंड असताना ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. आतून दुधाळ, चहावरच्या सायीसारखं काही दिसलं तर ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची शंका घ्या. मोठा खर्च आहे.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. चारही टायर जुने असतील तर नव्या चार टायरचे पैसे किमतीतून कमी करा. मीटर कमी किलोमीटर दाखवत असेल आणि ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल, तर मीटर मागे फिरवल्याची शंका घ्या. सर्व्हिसच्या पावत्या मागा, त्यावर दर वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात.

गाडी सीएनजीची असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे का ते बघा. टाकीची दाब-चाचणी दर ३ वर्षांनी करावी लागते. तिचा दाखला मागा.

शेवटी, आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. त्याला त्याची मजुरी द्या. पाचशे-हजार गेले तरी लाखाचं नुकसान वाचतं.

सौदा कधी पुरा होतो?

पैसे दिल्यावर नाही आणि किल्ली हातात आल्यावरही नाही. फेरफार झाल्यावर, म्हणजे आरसीवर नाव चढल्यावर सौदा पुरा होतो.

त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. मालकी बदलल्याचं राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी ठाण्याची आणि तुम्ही कल्याण आरटीओच्या हद्दीतल्या असाल, तर आणखी कोणते कागद लागतील ते आधीच विचारून घ्या. ‘कोऱ्या फॉर्मवर सह्या आहेत, कधीही करा’ असं एजंट म्हणाला तर त्याला म्हणा, ‘मग आत्ताच करू.’ थोडी रक्कम नाव चढेपर्यंत राखून ठेवायची, हे सौद्याच्या वेळीच ठरवून कागदावर लिहा. गाडी डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून ते आवश्यक आहे.

पैसे बँकेतून द्या. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं कायद्यात बसत नाही. शिवाय समूहाच्या कर्जाचा हिशोब दाखवायला बँकेची नोंदच कामी येते.

विम्याचंही तसंच. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाचे थोडे पैसे भरावे लागतील. नाव बदललेलं नसेल आणि गाडी ठोकली किंवा चोरीला गेली, तर तुमच्या नुकसानीचा दावा अडकतो.

आणि आपण आपली जुनी गाडी किंवा स्कूटी विकतो तेव्हा? तेव्हाही हाच नियम. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. गाडी हातोहात विकली गेली, आरसीवर नाव मात्र जुन्याच मालकाचं राहिलं आणि गाडीने अपघात केला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावर टाकली. गाडी गेली, पैसे खर्चून झाले आणि वर्षांनंतर नोटीस आली, असं आपल्या दारात नको.

आता मूळ प्रश्न. नाव कोणाचं चढवायचं? कर्ज तुमच्या नावावर असेल, तर गाडीही तुमच्या नावावर असू द्या. मालक व्हायला लायसन्स लागत नाही, ते चालवणाऱ्याला लागतं. घरात भांडण लावायला हे सांगत नाही. उद्या हप्ते थांबले तर समूह तुमच्या दारात येईल, गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या नाही. पण मालकीबरोबर जबाबदारीही येते. विना लायसन्स कोणाच्या हाती किल्ली द्यायची नाही, मग तो लाडका भाचा का असेना.

आणखी एक. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. ‘बाजाराच्या दिवशी चार बायका बसवू, हप्ता निघेल’ हा हिशोब बऱ्याच जणी मांडतात. पण दंड होतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. धंदाच करायचा असेल तर परवाना काढा, पिवळी पाटी लावा आणि तसाच विमा घ्या.

किमतीपलीकडचा खर्च

समजा, गाडी १ लाख ६० हजारांना ठरली. तेवढंच कर्ज काढलं तर पहिल्याच महिन्यात हात रिकामा होतो. विमा, नावबदल, ऑइल-फिल्टर, एखादी बॅटरी, दोन टायर हे सगळं लगेच दारात उभं राहतं. म्हणून २५-३० हजार बाजूला ठेवून मगच किंमत ठरवा. तेवढे उरत नसतील तर थोडी कमी किमतीची गाडी बघा, नाहीतर अजून सहा महिने बचत करा. गाडी पळून जात नाही.

गाडीचीही बैठक घ्या

समूहाची बैठक असते त्या दिवशी दहा मिनिटं गाडीलाही द्या. थंड इंजिनात ऑइलची पट्टी ओढून पातळी बघा. कूलंट बघा. टायरची हवा बघा, किती हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. गाडी उभी असते तिथे जमिनीवर तेलाचा डाग दिसतो का बघा. एका वहीत तारीख, किलोमीटर आणि खर्च लिहा. समूहाची वही लिहिणाऱ्या ताईला हे शिकवायला नको.

गाडी अडली तर घाबरून जाऊ नका:

* किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘कटकट’ वाजतं: बहुतेक वेळा बॅटरी. टोकांवर पांढरट-हिरवट भुकटी असेल तर साफ करून पट्टे घट्ट करून घ्या.
* सीएनजी गाडी सुरू होत नाही: टाकीत पेट्रोल आहे का बघा. बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. पेट्रोल कायम तळाला ठेवलं तर पंपही खराब होतो.
* गॅसचा वास आला: इंजिन बंद करा, सगळे उतरा, टाकीचा वॉल्व्ह बंद करा, दारं उघडी ठेवा. बटणं दाबू नका, काडी ओढू नका.
* माळशेज चढताना तापमानाचा लाल दिवा लागला: बाजूला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. अर्धा-पाऊण तास थांबा.
* ब्रेकचं पेडल खाली जातंय: गाडी पुढे न्यायची नाही. मेकॅनिकला जागेवर बोलवा.
* साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली: पुन्हा किल्ली फिरवू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर एका फिरवण्यात इंजिन फुटतं. ढकलून बाहेर काढा आणि मेकॅनिककडे न्या.

लाल दिवा म्हणजे थांबा. पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवून घ्या. एवढं लक्षात राहिलं तरी खूप.

पुढच्या बैठकीत कोणी ‘जुनी गाडी’ म्हणून कर्ज मागितलं, तर नुसती मान डोलवू नका. तिला विचारा, ‘आरसी बघितलीस का? बोजा आहे का? नाव कोणाचं चढणार?’ हे विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. समूह त्यासाठीच तर आहे. आणि नाव चढलेली आरसी हाती आली, की त्या दिवशी खुशाल नारळ फोडा.