पोप बारावे पायस यांचे मौन

हिटलरच्या सत्तेने लक्षावधी यहुद्यांचा संहार मांडिला असता पोप बारावे पायस मौन धरून बसले, असा आरोप त्यांजवर वारंवार होतो. ज्या महाराष्ट्रात बेने इस्राएल लोक ‘शनवार तेली’ या नावाने शतकानुशतके निर्धास्त नांदले, तेथील विद्यार्थ्यांस हा विषय परका वाटू नये. शिवाय १९५३ साली याच पोपमहाशयांनी आमच्या नागपूर धर्मप्रांतास महाधर्मप्रांताची पदवी दिली, व त्याच वर्षी मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस यांस पहिले भारतीय कार्डिनल केले. म्हणून त्यांची बाजू मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

२ मार्च १९३९ रोजी ते पोप झाले, आणि सहा महिन्यांतच महायुद्ध पेटले. तत्पूर्वी १९३७ साली नाझी मताचा निषेध करणारे जे पत्र पोप अकरावे पायस यांनी जर्मन भाषेत काढिले, ते सिद्ध करण्यात यांचा मोठा हात होता. पुढे १९४२ च्या नाताळात नभोवाणीवरून बोलताना, केवळ राष्ट्र किंवा वंश यांपायी मृत्यूच्या दारी लोटलेल्या लक्षावधी निरपराध्यांचा त्यांनी उल्लेख केला. मात्र यहुदी अथवा नाझी यांचे नाव घेतले नाही.

ते का घेतले नाही? हॉलंडातील बिशपांनी जुलै १९४२ मध्ये यहुद्यांच्या हद्दपारीचा निषेध देवळांतून वाचविला. लागलीच ऑगस्टात जर्मनांनी कॅथॉलिक झालेल्या यहुद्यांस पकडिले. त्यांत विदुषी संन्यासिनी एडिथ स्टाईन होत्या. ऑश्विट्झ येथे त्यांचा अंत झाला. निषेध करावा एकाने आणि प्राण जावा दुसऱ्याचा, असा हा पेच होता.

१६ ऑक्टोबर १९४३ रोजी खुद्द रोमात धरपकड झाली. हजारांहून अधिक यहुदी ऑश्विट्झला नेले गेले. परतले अवघे १६. तथापि हजारो यहुदी त्या नगरीतील मठांत व कॉन्व्हेंटांत लपून वाचले. पोपमहाशयांनी तशी आज्ञा दिली होती काय, यावर विद्वानांत वाद आहे. परंतु त्यांच्या डोळ्यांदेखत इतकी दारे त्यांच्या संमतीवाचून उघडली, हे आम्हांस संभवनीय वाटत नाही.

आक्षेपकांचे म्हणणेही हसण्यावारी नेण्याजोगे नाही. व्हॅटिकनचे त्या काळचे दप्तर २०२० साली अभ्यासकांस खुले झाले. त्यातील एका जर्मन जेझुइट धर्मगुरूंचे डिसेंबर १९४२ चे पत्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पोलंडातील संहाराची वार्ता व्हॅटिकनास पोहोचली होती, हे त्यावरून दिसते. तेव्हा ‘त्यांस ठाऊक नव्हते’ हा बचाव टिकत नाही, व आम्ही तो करीतही नाही. शब्द अधिक स्पष्ट हवे होते, असे कोणी म्हणेल तर त्यास आम्ही दोष देणार नाही. परंतु ज्यांच्या छत्राखाली हजारो जीव वाचले, त्यांस अत्याचाऱ्यांचा सोबती म्हणणे हा न्याय नव्हे. विद्यार्थ्यांनो, मृत मनुष्य आपला जबाब देऊ शकत नाही. म्हणून त्याच्याविषयी निर्णय देण्यापूर्वी दोन्ही पक्षांचे कागद वाचण्याचे श्रम आपणच घेतले पाहिजेत.