नकाशावरील रेषा आणि मताचे मोल

निवडणुका आल्या की आपण पक्षांची बलाबले मोजतो, उमेदवारांच्या कुंडल्या मांडतो, जाहीरनाम्यांची चिरफाड करतो. परंतु ज्या भूमीवर हा सारा सामना व्हावयाचा, तिची आखणी कोणी केली आणि कशी केली, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. मतदारसंघाची सीमा ही जणू नदीडोंगरांसारखी निसर्गानेच घालून दिलेली आहे, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः ती माणसाने काढलेली रेषा असते, आणि अशा प्रत्येक रेषेमागे काही हेतू तरी असतो किंवा निष्काळजीपणा तरी. २०२५ साली अमेरिकेत टेक्सास राज्याने नव्या जनगणनेची वाट न पाहता मधेच आपले मतदारसंघ बदलून घेतले, आणि त्याला उत्तर म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तशाच फेररचनेला कौल दिला. आपल्या देशातही मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा विषय फार काळ दूर ठेवता येण्यासारखा नाही. अशा वेळी एखाद्या शहरी मतदारसंघाचे चरित्र आरंभापासून वाचून पाहणे उद्बोधक ठरेल, असे आम्हांस वाटते. त्यासाठी आम्ही शिकागो शहराचा मतदारसंघ निवडला आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहासाठी इलिनॉय राज्यातून जे सदस्य निवडले जातात, त्यांच्या यादीत याचा क्रमांक पहिला लागतो.

प्रथम भूगोल पाहू. शिकागोच्या पूर्वेस मिशिगन सरोवर आहे. शहराचा व्यापारी गाभा या सरोवराच्या काठी वसलेला असून तेथून दक्षिणेकडे एकामागून एक समांतर रस्ते गेले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी या दक्षिण भागात, स्टेट स्ट्रीट या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, एक अरुंद पट्टी कृष्णवर्णीयांच्या वस्तीची होती. तिच्या पश्चिमेस लोहमार्ग आणि त्यांपलीकडे जनावरांचे अफाट बाजार व कत्तलखाने. पूर्वेस सरोवराच्या बाजूला गोऱ्या लोकांच्या वस्त्या. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापसाच्या शेतांवर राबणारी, मताचा हक्क हिरावून घेतली गेलेली माणसे आगगाड्यांनी शिकागोला येत आणि याच पट्टीत उतरत. १९१० साली शहरात सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते. १९२० साली ते एक लाख नऊ हजारांवर आणि १९३० साली दोन लाख चौतीस हजारांच्या घरात गेले. माणसे वाढली, पण जागा त्या मानाने वाढली नाही. घर कृष्णवर्णीयास विकू नये व भाड्याने देऊ नये, असे करार गोऱ्या घरमालकांनी आपसांत केले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली असे करार न्यायालयांकरवी अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला, तोवर ही भिंत कायद्याच्या आधाराने उभी होती. १९१९ च्या उन्हाळ्यात सरोवरातील एक अदृश्य सीमा ओलांडून पोहत गेलेला एक कृष्णवर्णीय मुलगा दगडफेकीत बुडून मेला आणि शहरात दंगल उसळली. तीत ३८ माणसे प्राणास मुकली.

या कोंडवाड्यातून जे निष्पन्न झाले ते मात्र कोंडणाऱ्यांच्या कल्पनेपलीकडचे होते. शिकागोत कृष्णवर्णीयाला घर घेता येत नसे, पण मत देता येत असे. लाखो माणसे एकाच पट्टीत दाटीवाटीने राहू लागल्यामुळे त्यांची मतेही एकाच पेटीत पडू लागली. पहिल्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व १९०५ पासून मार्टिन मॅडन हे रिपब्लिकन पक्षाचे गोरे सदस्य करीत होते. १९२८ च्या एप्रिलमध्ये त्यांचे वॉशिंग्टनला संसदभवनातच निधन झाले, आणि त्यांच्या जागी ऑस्कर डी प्रीस्ट हे कृष्णवर्णीय गृहस्थ उमेदवार म्हणून उभे राहून निवडून आले. उत्तर कॅरोलायनाचे जॉर्ज व्हाइट १९०१ साली प्रतिनिधिगृहातून बाहेर पडल्यापासून तेथे एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. ही २८ वर्षांची पोकळी शिकागोच्या या पट्टीने भरून काढली. तेव्हापासून आजतागायत या मतदारसंघाने कृष्णवर्णीय प्रतिनिधीच पाठविला आहे. इतकी दीर्घ आणि अखंड परंपरा अमेरिकेत दुसऱ्या कोणत्याही मतदारसंघाची नाही.

तथापि परंपरा म्हणजे अंधभक्ती नव्हे, हेही या मतदारांनी लवकरच दाखवून दिले. लिंकनच्या स्मृतीमुळे कृष्णवर्णीय समाज रिपब्लिकन पक्षाशी एकनिष्ठ होता. १९३२ च्या मंदीतही शिकागोतील बहुसंख्य कृष्णवर्णीयांनी हूव्हर यांनाच मते दिली. परंतु रूझवेल्ट यांच्या मदतकार्यास डी प्रीस्ट यांनी विरोध केला. ज्या घरांत चूल पेटण्याची भ्रांत होती, त्या घरांना हा विरोध मानवला नाही. १९३४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या आर्थर मिचेल यांनी डी प्रीस्ट यांचा पराभव केला. मिचेल हे त्या पक्षाचे प्रतिनिधिगृहातील पहिले कृष्णवर्णीय सदस्य. त्या दिवसापासून या मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार पुन्हा कधी निवडून आलेला नाही. सत्तर वर्षांची निष्ठा दोन वर्षांत फिरली ती व्याख्यानांनी नव्हे. भाकरीचा प्रश्न कोण सोडवितो याच्या रोकड्या हिशेबाने ती फिरली.

१९४२ साली विल्यम डॉसन निवडून आले आणि १९७० साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ही जागा राखली. १९४९ साली ते प्रतिनिधिगृहाच्या एका स्थायी समितीचे अध्यक्ष झाले; हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. शिकागोच्या डेमोक्रॅटिक संघटनेत त्यांचे वजन मोठे होते. १९६० साली केनेडी यांनी इलिनॉय राज्य नऊ हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने जिंकले, त्यात डॉसन यांच्या वस्त्यांतील भरघोस मतांचा वाटा होता. परंतु ही एकगठ्ठा शक्ती दुधारी ठरली. संघटना नोकऱ्या आणि सवलती देई. त्याबदल्यात घरांचा, शाळांचा, पोलिसी जुलमाचा प्रश्न फार मोठ्याने विचारू नये, अशी अपेक्षा असे. १९६२ साली याच भागात, नव्या द्रुतगती मार्गाच्या कडेला, सोळा सोळा मजल्यांच्या २८ इमारतींची सरकारी वसाहत उभी राहिली. जुनी पट्टी जमिनीवर आडवी होती, ती आता आकाशात उभी केली एवढेच. त्या इमारती २००७ पर्यंत पाडून टाकण्यात आल्या.

डॉसन यांच्यामागून आलेले राल्फ मेटकाफ हे ऑलिंपिकमध्ये पदके मिळविलेले धावपटू आणि महापौर रिचर्ड डेली यांच्या विश्वासातले. तरीही १९७२ साली पोलिसी अत्याचारांच्या प्रश्नावर त्यांनी महापौरांशी उघड फारकत घेतली, आणि त्यांच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. १९८० साली हॅरल्ड वॉशिंग्टन येथून प्रतिनिधिगृहात गेले. १९८२ साली शहरात एक लाखाहून अधिक नव्या मतदारांची नोंदणी झाली, आणि १९८३ साली ते निसटत्या बहुमताने शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. १९९२ साली बॉबी रश यांनी विद्यमान सदस्य चार्ल्स हेज यांना पक्षांतर्गत निवडणुकीत हरविले. २००० साली याच रश यांच्याविरुद्ध एक तरुण राज्य सिनेटर उभा राहिला आणि रश यांनी त्याच्या दुप्पट मते मिळवून त्याचा फडशा पाडला. त्या तरुणाचे नाव बराक ओबामा. पुढील फेररचनेत ओबामांचा राज्य सिनेटचा मतदारसंघ उत्तरेकडे सरकून शहराच्या सधन भागापर्यंत पोचला, आणि पुढील मार्गासाठी त्यांना नवे मतदार व नवे पाठीराखे मिळाले. एका रेषेने काय साधते, याचा हा पुरावा पुरेसा आहे.

आता या रेषांचाच इतिहास पाहू. १९०१ साली इलिनॉयच्या विधिमंडळाने जे मतदारसंघ आखले ते तब्बल १९४७ पर्यंत बदललेच नाहीत. शहर वाढत होते, खेडी ओसरत होती; पण खेड्यांतून आलेले आमदार आपली सत्ता स्वहस्ते कमी करावयास तयार नव्हते. परिणामी राज्यातील एका मतदारसंघात नऊ लाखांहून अधिक माणसे, तर दुसऱ्यात एक लाख बारा हजार, अशी स्थिती आली. याविरुद्ध दाद मागितली असता, हा राजकारणाचा विषय आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९४६ साली हस्तक्षेप नाकारला. १९६४ साली मात्र त्याच न्यायालयाने, प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांतील लोकसंख्या शक्य तितकी समान असलीच पाहिजे, असा दंडक घालून दिला. एका माणसाचे मत दुसऱ्याच्या मताइतकेच भारी असले पाहिजे, हे तत्त्व निर्विवाद आहे. आम्ही त्याचे स्वागतच करतो.

परंतु तत्त्व निर्दोष असले तरी ते अमलात आणणारे हात निर्दोष असतातच असे नाही. शिकागोतील कृष्णवर्णीयांची संख्या १९८० साली बारा लाखांच्या आसपास होती. कारखाने बंद पडले, घरे पडली, माणसे उपनगरांकडे व दक्षिणेकडील राज्यांकडे परतली, आणि २०२० साली ती आठ लाखांच्याही खाली आली. प्रत्येक मतदारसंघात सुमारे साडेसात लाख माणसे भरावयाची, आणि जुन्या वस्तीत तर तेवढी उरलेली नाहीत. तेव्हा रेषा बाहेर ताणणे प्राप्त झाले. ती किती ताणावी आणि कोणत्या दिशेने, हे मात्र राज्याच्या विधिमंडळातील बहुमताने, म्हणजे येथे डेमोक्रॅटिक पक्षाने, आपल्या सोयीने ठरविले. एके काळी स्टेट स्ट्रीटच्या दुतर्फा मावणारा हा मतदारसंघ आज कुक परगण्यातून निघून विल आणि कांकाकी या परगण्यांतील मक्याच्या शेतांपर्यंत लांबट पसरला आहे. कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले आहे. २०२२ साली येथून निवडून आलेले जोनाथन जॅक्सन हे नागरी हक्कांच्या चळवळीतील नेते जेसी जॅक्सन यांचे पुत्र. म्हणजे परंपरा टिकून आहे. पण भाड्याच्या घरात राहणारा शहरी कामगार आणि शंभर किलोमीटरवरचा शेतमालक यांचे गाऱ्हाणे एकच प्रतिनिधी तितक्याच कळकळीने कसे मांडणार, हा प्रश्न उरतोच. टेक्सासमध्ये एक पक्ष जे करतो तेच इलिनॉयमध्ये दुसरा करतो. मतदाराने प्रतिनिधी निवडावा, ही लोकशाही. प्रतिनिधीने मतदार निवडून घ्यावेत, ही तिची विटंबना होय.

हे सारे आम्ही परक्यांचे उणे काढण्यासाठी सांगत नाही. दलितांच्या प्रतिनिधित्वासाठी आपल्या घटनेने राखीव जागांचा मार्ग पत्करला. अमेरिकेत तशी तरतूद नाही, तेथे वस्तीचा दाटपणा हाच आधार. परंतु प्रतिनिधी खरोखर कोणाला उत्तरदायी, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. १९५२ साली मुंबई शहर उत्तर या द्विसदस्य मतदारसंघात साक्षात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पराभव पत्करावा लागला आणि राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. राखीव जागेचा निकालही सर्व मतदारांच्या मतांनी लागत होता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. मतदारसंघाची घडण निकालाला कशी वळण देते हे महाराष्ट्राने तेव्हाच पाहिले आहे.

आणि मुंबईचाच दुसरा दाखला घ्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, चाळी ओसरू लागल्या, माणसे उपनगरांत आणि त्याही पलीकडे गेली. २००८ च्या पुनर्रचनेत मूळ शहराच्या विधानसभेच्या जागा १७ वरून १० वर आल्या आणि उपनगरांच्या १७ वरून २६ झाल्या. लोकसंख्येच्या हिशेबाने हे न्याय्यच होते. तरी परळ-लालबागच्या किती मतदारांनी पुनर्रचनेचा मसुदा तेव्हा उघडून पाहिला होता? राज्याराज्यांतील लोकसभेच्या जागांचे वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठविण्यात आले, आणि २००१ च्या घटनादुरुस्तीने ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तसेच ठेवण्याचे ठरले. गोठलेली रेषाही निरुपद्रवी नसते, हे इलिनॉयच्या ४६ वर्षांनी शिकविले आहे.

सुदैवाने आपल्याकडे हे काम विधिमंडळातील बहुमताच्या हाती नाही. २००२ च्या कायद्याने ते स्वतंत्र आयोगाकडे दिले. मसुदा प्रसिद्ध करणे, हरकती मागविणे आणि जाहीर बैठका घेणे हे त्या आयोगावर बंधनकारक होते. ही व्यवस्था अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांच्या व्यवस्थेपेक्षा निःसंशय सरस आहे, आणि पुढे जी काही पुनर्रचना होईल तीत या व्यवस्थेला बाध येता कामा नये. परंतु हरकतींची खिडकी उघडी ठेवून भागत नाही. तिच्याशी नागरिक उभा राहावयास हवा. आपला वॉर्ड कोणत्या वस्तीला जोडला, कोणत्या वस्तीपासून तोडला, आपल्या पाण्याचा, घरांचा, रोजगाराचा प्रश्न ज्यांचाही आहे ते लोक आपल्याबरोबर आहेत की नाहीत, हे प्रत्येक मोहल्ल्याने, प्रत्येक चाळ-समितीने तपासून पाहिले पाहिजे. शिकागोच्या त्या पट्टीतील माणसांना राहावयास जागा दुसऱ्यांनी ठरवून दिली होती. तरी हाती असलेल्या मताचे त्यांनी चीज केले. आपल्याला तर रेषा आखली जात असतानाच बोलण्याचा अधिकार आहे. तो न बजावता निकालाच्या दिवशी नशिबाला बोल लावणे शहाणपणाचे होणार नाही.