तापतं ते नेमकं काय?

वायरमन प्लगला हाताची पालथी बाजू लावतो. तळवा लावला आणि करंट लागला तर मूठ आवळली जाते, वस्तू सुटत नाही. पालथा हात मात्र झटक्यासरशी मागे येतो. मे महिन्यातल्या दुपारी अंबाजोगाईच्या एका लॉजच्या आवारात मी हे बघत उभा होतो. पुण्याहून योगेश्वरीच्या दर्शनाला आलेलं कुटुंब, तीनशेहून अधिक किलोमीटर धावलेली इलेक्ट्रिक कार, आणि मालकांची तक्रार: चार्जिंगला लावली की बॅटरी तापते, मध्येच बंद पडते.

वायरमनमामांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते भिंतीकडे गेले. "बॅटरी कशाची तापतीय साहेब, हे बघा." सॉकेटचं पांढरं प्लास्टिक एका भोकाभोवती तपकिरी पडलं होतं.

गणित सोपं आहे. घरगुती सॉकेटवरून गाडी जेमतेम तीन किलोवॅट घेते. तीस युनिटच्या बॅटरीला हे काहीच नाही, त्या वेगाने ती भरायला दहा तास लागतात. पण तोच तेरा-पंधरा अँपिअरचा प्रवाह भिंतीतल्या दोन पितळी पट्ट्यांतून जातो, आणि पट्टी ढिली असली की सांध्यावर रोध तयार होतो. रोध 0.1 ओहम धरला तरी पंधरा अँपिअरला तिथे साडेबावीस वॉट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचा सोल्डरिंग आयर्न साधारण पंचवीस वॉटचा असतो. तो भिंतीत खुपसून रात्रभर ठेवल्यासारखंच झालं. "गीझरला हाच पॉइंट चालतो की," असं लॉजचे मॅनेजर म्हणाले. चालतो, कारण गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो. गाडी रात्रभर ओढत राहते.

चार्जर मध्येच बंद पडत होता त्याचंही कारण यातच आहे. काही चार्जरच्या प्लगमध्येच तापमान मोजणारा सेन्सर असतो. प्लग तापला की तो करंट कमी करतो, नाहीतर तोडतो. मालकांना वाटलं गाडी बिघडली. खरं तर चार्जर आपलं काम चोख करत होता.

बॅटरी तापतच नाही, असं नाही. फास्ट चार्जरवर तापते, आणि चांगली तापते. तीनऐवजी तीस किलोवॅट घातले तर पेशींतून जाणारा प्रवाह दहापट होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ढोबळमानाने शंभरपट. त्यात लातूरकडून किंवा बीडकडून भर दुपारी, एसी लावून, बेचाळीस अंशांच्या डांबरावरून गाडी आली असेल तर बॅटरी आधीच गरम असते. लिथियमच्या पेशींना साधारण पंधरा ते पस्तीस अंश मानवतात. म्हणून चार्जिंग सुरू होताच बंद गाडीच्या पुढच्या भागात पंखा घोंघावू लागतो. एसीचा कॉम्प्रेसर आता माणसांसाठी नाही, बॅटरीभोवती फिरणाऱ्या शीतक द्रवासाठी चालतो. तरीही तापमान चढलं तर बॅटरीची नियंत्रण यंत्रणा वेग उतरवते. निसानच्या लीफ गाडीत अशी द्रवाची सोय नव्हती. 2018 च्या मॉडेलमध्ये लांबच्या प्रवासात दुसऱ्या फास्ट चार्जिंगला वेग फार घसरतो, म्हणून युरोपातल्या ग्राहकांनी ओरड केली होती.

ऐंशी टक्क्यांनंतर वेग मंदावतो तो बहुधा तापल्यामुळे नव्हे. भरत आलेल्या पेशींचा व्होल्टेज मर्यादेला टेकतो, म्हणून प्रवाह कमी करावाच लागतो. लोक तेही उष्णतेच्या खात्यावर टाकतात.

भीतीला कारण आहे, हे मान्य. मार्च 2022 मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटलेली सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली, जूनमध्ये वसईत एका कारने पेट घेतला. त्यानंतर बॅटरीसुरक्षेचे एआयएस-156 (दुचाकींसाठी) आणि एआयएस-038 (कारसाठी) हे नियम कडक झाले. बॅटरीतून खरोखर धूर, शिसशिस आवाज किंवा उग्र वास आला, तर पालथा हातसुद्धा लावायचा नाही. माणसं लांब काढायची, जमलं तर मेन स्विच पाडायचा आणि 101 ला फोन करायचा. अशी आग भरपूर पाणी घेते, आणि विझल्यावर काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

इथे तशी वेळ नव्हती. मामांनी मीटरपासून चार चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची वायर ओढली, स्वतंत्र एमसीबी बसवला, घट्ट पकडीचा औद्योगिक सॉकेट लावला. पाहुण्यांनी गाडीतून काढलेली एक्स्टेन्शन वायर त्यांनी बाजूला ठेवली. गुंडाळी तशीच ठेवून लोड घेतला की आतली उष्णता बाहेर पडत नाही, वेढे एकमेकांना चिकटतात.

नवा सॉकेट लावूनही चार्जरच्या डब्यावरचा लाल दिवा जाईना. अर्थिंग मिळत नव्हतं. बालाघाटच्या पठारावर मे महिन्यात मुरूम असा सुकतो की अर्थिंगच्या खड्ड्यातलं मीठ-कोळसाही कोरडं पडतं. मामांनी त्यात दोन बादल्या पाणी ओतायला सांगितलं. मॅनेजर कुरकुरले, टँकरचं पाणी होतं ते. पाणी मुरलं, दिवा हिरवा झाला.

"पत्र्याच्या शेडखाली आत्ता लावू नका," मामा मालकांना म्हणाले, "अकरानंतर लावा, सकाळी आरतीच्या आधी काढा." मग पाकीट काढणाऱ्या मालकांना थांबवून ते मॅनेजरकडे वळले. वायरचे पैसे कोणी द्यायचे, यावरून बोलणं चांगलंच लांबलं.