उल्केची तुटक रेघ

कॅमेऱ्याचे शटर जास्त वेळ उघडे ठेवले, तर अंधूक उल्काही चित्रात उमटतील असे तुम्हाला वाटेल. पण तसे होत नाही. का बरे?

तारा जवळजवळ एकाच जागी राहतो, त्यामुळे त्याचा प्रकाश चित्रात साचतो. उल्का मात्र प्रत्येक बिंदूवरून क्षणार्धात पुढे सरकते. नंतर शटर कितीही वेळ उघडे ठेवा, त्या बिंदूला तिचा प्रकाश पुन्हा मिळत नाही. उलट आकाशाचा उजेड साचून रेघ पुसट होते! म्हणून भिंगाचे छिद्र पूर्ण उघडावे आणि १५-१५ सेकंदांची चित्रे लागोपाठ घ्यावीत.

आता गंमत पाहा. भिंगापुढे ठरावीक वेगाने फिरणारे पाते बसवले, की रेघ तुटक उमटते. तुकडे मोजले की वेळ कळतो. पण उल्का किती दूर होती? त्यासाठी त्याच क्षणी दुसऱ्या गावाहून घेतलेले चित्र हवे. दोन्ही चित्रांत तिच्यामागचे तारे वेगळे दिसतात. त्या फरकावरून उंची आणि मग वेग काढता येतो.

७ एप्रिल १९५९ रोजी चेकोस्लोव्हाकियात घेतलेल्या अशाच चित्रांवरून एका उल्केची सूर्याभोवतीची कक्षा काढली गेली. ती लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत पोहोचत होती. जमिनीवर पडलेले तिचे तुकडेही प्रशिब्राम गावाजवळ सापडले!

दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या गावात तुमचा मित्र आहे? त्यालाही घड्याळ लावून कॅमेरा तिवईवर ठेवायला सांगा.