जहाज आले, गिऱ्हाईक आले नाही

यवतमाळ, दारव्हा, पुसदकडचे आपण कापडवाले आठवडी बाजारावर जगणारी माणसे. जिथे गर्दी तिथे गठ्ठा उघडायचा, हा आपला साधा हिशेब. याच हिशेबाने 2022 च्या हिवाळ्यात आम्ही धामणगावहून भुसावळ आणि तिथून गोवा एक्स्प्रेसने वास्कोला गेलो. तिथे आमच्या एका नातेवाइकाचे छोटे दुकान आहे. मुरगाव बंदरात मोठे प्रवासी जहाज लागणार, हजारभर मुसाफिर उतरणार, असे कळले होते. सुती चादरी, कुर्ते आणि ओढण्यांचे दोन गठ्ठे सोबत नेले. संध्याकाळपर्यंत सात ओढण्या खपल्या. चादर एकही नाही.

असे का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे.

मुरगाव हे मूळचे लोहखनिज आणि कोळशाचे बंदर. जहाज धक्क्याला लागते तिथे बाजारपेठ नाही. बंदराच्या फाटकाआत वाटेल त्याला जाता येत नाही, त्यामुळे मुसाफिर पायी गावात येत नाहीत. ते धक्क्यावरच बसमध्ये बसतात आणि थेट जुन्या गोव्याची चर्च किंवा समुद्रकिनारा गाठतात. या सहली बहुधा जहाजावरच विकल्या जातात. बस कुठे थांबणार, कोणत्या दुकानापुढे किती मिनिटे, हे आधीच ठरलेले असते. म्हणजे गिऱ्हाईक जमिनीवर पाय ठेवण्याआधीच वाटले गेलेले असते!

शिवाय वेळ थोडा. जहाज दिवसभर थांबले तरी उतरण्यात, जाण्यायेण्यात आणि सुटण्याआधी परतण्यात निम्मा वेळ जातो. जेवणाचे पैसे तिकिटातच भरलेले, म्हणून कित्येकजण उतरतच नाहीत. बंदर शांत दिसते ते यामुळे.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर आपलेच लोक असतात. त्यांना चादर घरच्या बाजारात मिळते, ती गोव्यातून कोण उचलून नेणार? ते काजू घेतात. सुती ओढणी, सदरा हाताळून पाहतो तो परदेशी मुसाफिर, आणि तोही सामानाचे वजन बघूनच.

मुंबईहून 2021 पासून चालू झालेल्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’ जहाजाची गोष्ट यात बोलकी आहे. 1990 मध्ये ते ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने रॉयल कॅरिबियन कंपनीकडे आले आणि मायामीहून बहामा बेटांच्या फेऱ्या करू लागले. त्या समुद्रात कंपन्यांनी एक पाऊल पुढे टाकले. याच रॉयल कॅरिबियनने 1986 पासून हैतीचा लाबादी किनारा भाड्याने घेतला आणि मुसाफिरांना तिथेच उतरवू लागली. किनारा कंपनीच्या ताब्यात, तेव्हा कोणी दुकान मांडायचे तेही तीच ठरवणार. तिची परवानगी नसलेला गावचा दुकानदार कुंपणाबाहेर.

म्हणून जहाजाच्या भरवशावर माल भरणाऱ्याने मुसाफिरांचा आकडा विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. जहाज कुठून आले? किती तास थांबणार? बस कुठे उभी राहणार? बस थांबते तिथल्या दुकानदाराकडे परतीच्या बोलीवर हलका माल ठेवला, तर निदान गाडीभाडे तरी निघेल. धक्क्याजवळ स्वतः गठ्ठा घेऊन बसू नये.

आमच्या चादरी शेवटी दिग्रसच्या बाजारात उधारीवर गेल्या. त्यातली थोडी उधारी अजून यायची आहे.