पायाखालचं आवर्तन

एकट्या कलाकाराला स्वतःचीच साथ घेता यावी, यासाठी लूप पेडल असतं. पायाने खटका दाबला की आवाज टिपला जातो, दुसऱ्यांदा दाबला की तोच तुकडा फिरू लागतो, तिसऱ्यांदा दाबला की त्यावर नवा थर चढतो. बॉस कंपनीचं आरसी-1 हे पेडल 2014 मधलं. तळहातावर मावणाऱ्या या डबीत 12 मिनिटांचा आवाज राहतो.

हे पेडल दुधनीसारख्या गावातही रुळू शकेल; हे गाव अक्कलकोट रोड आणि गाणगापूर रोड या स्टेशनांच्या मध्ये आहे. मराठी आणि कन्नड, दोन्ही भजनांना सरावलेल्या इथल्या कानांना हे तंत्र परकं वाटायचं कारण नाही. तबल्याच्या एकलवादनात पेटीवाला तीनतालाच्या 16 मात्रांची एकच ओळ धरून बसतो आणि तबलजी त्या लेहऱ्यावर कायदे, रेले मांडतो. पेडल हेच काम करतं. पण पेटीवाला तबलजीचं ऐकत असतो, सम हलली तर सावरून घेतो. पेडल कुणाचंच ऐकत नाही.

म्हणून सगळं कौशल्य त्या दुसऱ्या दाबण्यात आहे. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत केरव्याचं आवर्तन चार सेकंदांचं होतं. पाऊल पाव मात्रा उशिरा पडलं, तर चार मिनिटांच्या भजनात तीच ठेच साठ वेळा लागते. खटका नेमका पुढच्या समेवर दाबायचा आणि हात मात्र समेपुढेही वाजत ठेवायचा. थांबण्याच्या नादात पाय चुकतो. ज्याच्या अंगात आवर्तन मुरलंय, त्याला हे लवकर जमेल, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकी संगीतकार टेरी रायली यांनी 1963 मध्ये पॅरिसला दोन टेपरेकॉर्डर जोडून असेच फिरते थर रचले होते. पुढे 1970 मध्ये ते किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. हीच गायकी सवाई गंधर्व आणि भीमसेन जोशींनी मराठी-कन्नड मुलखात रुजवली.

भजनात मात्र पेडलची मर्यादा लगेच कळते. लय चढत जाणं हा भजनाचा प्राण, आणि टिपलेला तुकडा एकाच लयीत फिरतो. शिवाय कर्णा माइकसमोर असेल, तर त्यातला आवाजही प्रत्येक थरात शिरतो आणि गलका वाढत जातो. माइकचंही आधी बघावं लागतं: आरसी-1 ला तो थेट जोडता येत नाही, बॉसच्याच आरसी-30 ला येतो.

माझं मत विचाराल तर सुरुवातीचा षड्ज-पंचम, त्यावर पेटीचा एखादा थर, एवढंच पेडलवर सोपवावं. लय चढायला लागली की खटका लागोपाठ दोनदा दाबून ते थांबवावं आणि पुढचं तबला-टाळांकडे द्यावं.