सही शाबूत, प्रमाणपत्र मात्र संपलेलं

कालपर्यंत बिनतक्रार चालणारं जावा ॲपलेट एखाद्या सकाळी अडायचं. कोडमध्ये अक्षरही बदललेलं नसायचं. अशा वेळी आधी सहीच्या प्रमाणपत्राची तारीख पाहावी लागे.

ॲपलेट म्हणजे वेबपानाबरोबर येऊन आपल्या संगणकावर चालणारा प्रोग्राम. परका पाहुणा, म्हणून त्याला कुंपणात ठेवत: आपल्या फाइलींना हात लावायचा नाही, ज्या सर्व्हरवरून आला त्याच्याशीच बोलायचं. कुंपणाबाहेर पडायला सही लागे. जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या जावा ७ अपडेट ५१ पासून तर बिनसहीची आणि स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र दिलेली ॲपलेटं मूळ सेटिंगमध्ये चालेनाशी झाली.

सहीची तयारी जावासोबत येणाऱ्या कीटूल या साधनापासून होते. तो किल्ल्यांची जोडी बनवतो. खासगी किल्ली आपल्याकडेच राहते. सार्वजनिक किल्ली विनंतीपत्रासह प्रमाणन संस्थेकडे जाते. संस्था आपली ओळख तपासून मुदतीचं प्रमाणपत्र देते.

पुढचं काम जारसाइनर या साधनाचं. ॲपलेटच्या फाइली ज्या जारमध्ये बांधलेल्या असतात, ती मुळात झिप फाइलच. तिच्यातल्या प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे बोटाचा ठसा म्हणा, मॅनिफेस्ट या यादीत लिहिला जातो. मॅनिफेस्टचे ठसे एसएफ फाइलमध्ये उतरतात आणि खासगी किल्लीने सही होते ती या एसएफ फाइलवर. म्हणजे सही एकच, पण ती सगळ्या फाइलींना बांधते. एका क्लासमधला एक बाइट बदला, ठसा जुळणार नाही.

आता मुदतीचा घोळ. प्रमाणपत्र संपलं तरी ठसे जुळतच असतात. सही शाबूत असते. पण ती प्रमाणपत्र चालू असताना केली की नंतर, हे तपासणाऱ्याला कसं कळावं? सही करणाऱ्याच्या घड्याळावर विश्वास नाही, ते कुणीही मागे करील. म्हणून तपासणारा आजची तारीख धरतो आणि प्रमाणपत्र बाद ठरवतो.

यावरचा तोडगा जावा ५ पासून उपलब्ध आहे आणि तरीही लोक तो विसरतात, याचं मला नवल वाटतं. जारसाइनरला टीएसए पर्यायात कालमुद्रा सेवेचा पत्ता द्यायचा. तो सहीचा ठसा तिकडे पाठवतो. सेवा त्यावर वेळ घालून स्वतःची सही करते. नोटरीची मुदत पुढे संपली तरी तिने मुदतीत तारखेसह केलेला दस्त बाद होत नाही, तसंच हे. कालमुद्रेच्या प्रमाणपत्रालाही मुदत असते, पण बहुधा बरीच लांब.

कालमुद्रा नसेल, तर नवं प्रमाणपत्र घेऊन प्रत्येक जारवर पुन्हा सही करण्यावाचून सुटका नाही. प्रमाणपत्राचं नुसतं नूतनीकरण करून जुन्या जारला काहीच मिळत नाही.

क्रोमने २०१५ मध्ये आणि जावा ११ ने २०१८ मध्ये ॲपलेटला निरोप दिला. जारसाइनर मात्र जेडीके या जावाच्या विकास-संचाबरोबर आजही येतो. तुमच्या जुन्या जार त्याच्या व्हेरिफाय पर्यायाने एकदा तपासा. कालमुद्रा नसेल तर तो तसं स्पष्ट सांगतो.